कुपोषित करडू, त्याचे आतडे आणि दुधातली संरक्षक प्रथिने

खरवस लावताना चिकात विरजण घालावे लागत नाही, लिंबू पिळावे लागत नाही. साखर-वेलची घालून वाफवला की तो आपोआप घट्ट बसतो. नेहमीचे दूध कितीही उकळा, ते असे बसणार नाही. फरक आहे तो चिकातल्या प्रथिनांचा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात पाण्यात विरघळलेली प्रथिने नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असतात आणि त्यांतला मोठा वाटा रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. उष्णतेने ही प्रथिने गोठतात आणि खरवसाच्या वड्या पडतात. आपण चवीने खातो तो हा ऐवज मुळात वासरासाठी, रेडकासाठी, करडासाठी तयार झालेला असतो. वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचा खरवस करायला काहीच हरकत नाही. पण आधी वासराचे पोट भरले पाहिजे. असे का, हे नीट समजून घ्यायचे तर कुपोषित पिलाच्या आतड्यात काय घडते तिथून सुरुवात करावी लागते.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा कमी पावसाचा मुलूख. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडी आहे, तर २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांतल्या चारा छावण्या आजच्या तरुणांनीही पाहिल्या आहेत. अशा मुलखात भूमिहीन आणि अल्पभूधारक कुटुंबाचा आधार म्हणजे शेळी. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदलले, तरी इथल्या काळ्याभोर शेळीला देशभर उस्मानाबादी म्हणूनच ओळखतात. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ पट्टा. महाराष्ट्राच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र तुळजापूर तालुक्यात तीर्थ येथे आहे. ही शेळी काटक आहे, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर निभावते आणि बहुतेकदा जुळी देते. पालकाला तिचा मोठा लाभ हाच. मात्र तिचे दूध बेताचेच, दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर. जुळी करडे, एखाद्या वेळी तिळी, त्यातून उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ आणि घरातल्या चहालाही थोडे दूध लागणार. या वाटणीत मागे पडते ते सर्वांत अशक्त करडू.

संध्याकाळी शेळ्या रानातून परतल्या की हे डोळ्यांनी दिसते. दिवसभर डालग्याखाली कोंडलेली करडे सुटतात आणि थेट कासेकडे धाव घेतात. धट्टे करडू गुडघे टेकून कासेला हिसडे देते, शेपटी सारखी हलत असते. दुसरे तिथवर पोचते, दोन ओढ मारते आणि ढकलले जाते. आठवड्याभरात दोघांतला फरक नजरेत भरतो. एकाची कातडी तुकतुकीत, दुसऱ्याचे केस राठ आणि उभे. एकाचे पोट भरलेले, दुसऱ्याची कूस खपाटीला गेलेली. मग एके सकाळी त्या दुसऱ्या करडाचे शेपूट पिवळ्या हगवणीने भरलेले दिसते. बहुतेकांना वाटते की आधीच अशक्त होते, त्यात रोग आला. पण हा रोग अचानक आलेला नसतो. उपासमारीने त्याची वाट कधीच मोकळी करून ठेवलेली असते.

भिंत कुठे ढासळते

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्मदर्शकाखाली बोटांसारखे असंख्य उंचवटे दिसतात. जीवशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना विलाय म्हणतात. त्यांच्यामुळे आतड्याचा पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो आणि पचलेले अन्न रक्तात ओढले जाते. या उंचवट्यांवर पेशींचा एकच थर असतो. त्या थराच्या एका बाजूला अन्न, पाणी आणि कोट्यवधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला रक्त. मातीच्या घराची भिंत जशी नुसत्या दगडांवर उभी नसते, दगडांमधल्या चिखलाच्या भरावाने ती सांधलेली असते, तसेच या पेशींच्या फटी काही खास प्रथिनांनी घट्ट बंद केलेल्या असतात. हा सांधा टिकला तर पोषक द्रव्ये आत येतात आणि जिवाणू व त्यांची विषे बाहेर राहतात.

ही भिंत सतत नव्याने बांधली जाते. आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच झडतात आणि तळातून नव्या पेशी वर सरकतात. इतक्या वेगाने बांधकाम चालू ठेवायला प्रथिने आणि ऊर्जा सतत लागते. करडू उपाशी राहिले की पहिली काटकसर इथेच होते. विलाय आखूड आणि बोथट होतात, पृष्ठभाग घटतो, पेशींमधले सांधे सैल पडतात. परिणामी मिळालेले थोडे अन्नही पुरते शोषले जात नाही. जिवाणूंची विषे फटींतून आत शिरतात, शरीर त्यांच्याविरुद्ध दाह निर्माण करते आणि त्या दाहात आणखी ऊर्जा खर्च होते. हगवणीतून पाणी आणि क्षार वाहून जातात, भूक मरते, आतडे आणखी झिजते. कुपोषणातून हगवण आणि हगवणीतून कुपोषण, असे हे चक्र आहे. कुपोषित बालकांमध्येही नेमके हेच घडते. म्हणून जनावरांच्या पिलांच्या आतड्यावरचे संशोधन माणसांच्या डॉक्टरांनाही महत्त्वाचे वाटते.

दूध नुसते अन्न नाही

दुधात प्रथिने, स्निग्धांश, साखर, कॅल्शियम असते हे सर्वांना माहीत असते. त्याबरोबर जिवाणूंना आवर घालणारी काही प्रथिनेही त्यात असतात. त्यांतली दोन इथे महत्त्वाची आहेत.

पहिले लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, या द्रव्याविषयी लिहिले. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या स्रावाने जिवाणू विरघळतात, असे त्यांना आढळले होते. अश्रू, लाळ, अंड्याचा पांढरा बलक यांत लायसोझाइम असते. ते जिवाणूच्या कवचातले दुवे तोडते आणि जिवाणू फुटतो.

दुसरे लॅक्टोफेरिन. जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते. लॅक्टोफेरिन लोहाला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे अनेक उपद्रवी जिवाणूंची उपासमार होते. शिवाय ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाला ते सैल करते. या आवरणामुळे अशा जिवाणूंवर एकट्या लायसोझाइमचे फारसे चालत नाही. आवरण सैल झाले की त्याचे काम सोपे होते. म्हणून ही दोन्ही प्रथिने एकत्र असली की परिणाम वाढतो.

आता प्रमाण पाहू. मानवी आईच्या एक लिटर दुधात सुमारे ४०० मिलिग्रॅम लायसोझाइम असते. शेळीच्या तेवढ्याच दुधात जेमतेम पाव मिलिग्रॅम आणि गाईच्या दुधात त्याहूनही कमी. लॅक्टोफेरिन आईच्या नेहमीच्या दुधात लिटरमागे एक ते दोन ग्रॅम असते, गाईच्या दुधात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा आणखी कमी. गाई-शेळ्यांची भिस्त चिकातल्या प्रतिपिंडांवर अधिक आहे. माणसाच्या बाळाला प्रतिपिंडे गर्भात असतानाच वारेतून मिळतात. वासरू, रेडकू आणि करडू यांना ती वारेतून मिळतच नाहीत. ही पिले जन्मतात तेव्हा त्यांच्या रक्तात आईकडची प्रतिपिंडे जवळपास नसतातच.

डेव्हिसच्या शेळ्या

मग शेळीच्याच दुधात मानवी दुधाइतके लायसोझाइम आले तर? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात जेम्स मरे आणि एलिझाबेथ मागा यांच्या गटाने हा प्रयोग प्रत्यक्षात आणला. मानवी लायसोझाइमचे जनुक शेळीत असे बसवले की ते कासेतच काम करेल. या शेळ्यांच्या दुधात लिटरमागे सुमारे २७० मिलिग्रॅम लायसोझाइम मिळू लागले, म्हणजे आईच्या दुधातल्या प्रमाणाच्या दोन तृतीयांश.

दुधाची चाचणी प्रामुख्याने डुकराच्या पिलांवर झाली, कारण त्यांचे पचन माणसाच्या बाळाच्या पचनाशी बरेच मिळतेजुळते असते. ई. कोलायमुळे हगवण लागलेली पिले हे दूध पिऊन लवकर बरी झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

याच गटाचा कुपोषित डुकराच्या पिलांवरचा २०१६ चा प्रयोग आपल्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. तीन आठवड्यांच्या, आईपासून तोडलेल्या पिलांना पाच आठवडे कमी प्रथिनांचा आणि कमी उष्मांकांचा आहार दिला गेला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वर वर्णन केलेले सारे बदल दिसले. वाढ खुंटली, विलाय झिजले, सांध्यांची प्रथिने घटली आणि आतडे गळके झाले. त्यानंतर काही पिलांना रोज गाईचे साधे दूध, काहींना मानवी लॅक्टोफेरिन असलेले गाईचे दूध आणि काहींना दूधच नाही, अशी विभागणी केली. आहार तोच तोकडा ठेवूनही दूध मिळालेल्या दोन्ही गटांची वाढ सुधारली, रक्तातले कॅल्शियम व साखर वाढली, आतड्याचे अस्तर पुन्हा भरू लागले. लॅक्टोफेरिनचे दूध पिणाऱ्या पिलांमध्ये लहान आतड्याच्या मधल्या भागाची रचना अधिक चांगली सावरली, गळती कमी झाली आणि दाह शमवणारा संदेश देणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढले. पुढे २०१८ मध्ये याच गटाने कुपोषण आणि ई. कोलायचा संसर्ग असे दुहेरी संकट असलेल्या पिलांना लायसोझाइमचे दूध दिले, तेव्हाही त्याने नुकसान कमी केले.

या प्रयोगांतून दोन गोष्टी निघतात. संरक्षक प्रथिने वाढवली तर कुपोषित आतडे जास्त चांगले सावरते, ही पहिली. दुसरी आपल्या गोठ्यासाठी त्याहून मोलाची आहे. साध्या गाईच्या दुधानेही दुरुस्ती सुरू झाली. म्हणजे अशक्त पिलाला वेळेवर दूध मिळणे हाच निम्मा उपचार आहे आणि त्यासाठी जनुक बदललेली शेळी लागत नाही.

या शोधाच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. त्याच गटाने २००६ साली लायसोझाइमचे दूध डुकराच्या पिलांना आणि शेळीच्या करडांना, दोघांनाही पाजून पाहिले होते. डुकराच्या पिलांच्या आतड्यात ई. कोलाय आणि त्याचे भाईबंद कमी झाले. करडांमध्ये मात्र ई. कोलायचे प्रमाण साधारण तेवढेच राहिले आणि त्याचे काही भाईबंद वाढलेले आढळले. रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोट वेगळे असते. त्यांच्या चौथ्या कप्प्यातच लायसोझाइम मुबलक तयार होते आणि पहिल्या कप्प्यातून आलेले जिवाणू पचवण्यासाठी ते वापरले जाते. त्यामुळे डुकराच्या पिलावरचा निष्कर्ष जसाच्या तसा करडाला लावता येत नाही.

माणसांवरचे अनुभवही संमिश्र आहेत. पेरू देशात लिमा इथे हगवणीच्या १४० बालकांवर चाचणी झाली. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन मिसळलेली तांदळाची क्षारसंजीवनी घेणाऱ्या मुलांची हगवण सरासरी ५.२१ दिवसांऐवजी ३.६७ दिवसांत थांबली. उलट ब्रिटनमध्ये २,२०० वर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत गाईच्या लॅक्टोफेरिनने संसर्ग कमी झाले नाहीत. तो अहवाल २०१९ साली आला. संरक्षक प्रथिने उपयुक्त आहेत, पण कोणाला, कधी आणि कशासोबत, यावर सारे अवलंबून आहे.

प्रतिजैविकाचे दूध ही वेगळी गोष्ट

इथे एक गल्लत हमखास होते. जिवाणूंना रोखणारे दूध म्हटले की मनात येते दुधात मिसळलेली प्रतिजैविकाची गोळी. कासेला दगडी झाली, इंजेक्शने सुरू झाली की ते दूध डेअरीला घालता येत नाही. मग फेकण्यापेक्षा वासराला पाजू, असा विचार होतो. पिलाच्या पोटात जाणारे हे औषध पुरत्या मात्रेत नसते. ते कमजोर जिवाणू मारते आणि दणकट जिवाणूंना मोकळे रान देते. अशा दुधावर वाढलेल्या वासरांच्या शेणात औषधाला न जुमानणारे जिवाणू जास्त सापडतात, असा निष्कर्ष युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये मांडला. शेण उकिरड्यात जाते, उकिरडा शेतात जातो आणि तेच जिवाणू माणसांपर्यंत येतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचे अस्त्र मानले जाणारे औषध. ते खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच भीतीपोटी.

करडांची प्रत्येक हगवण जिवाणूंचीच असते असेही नाही. पहिल्या आठवड्यात बहुधा ई. कोलाय असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, विशेषतः पावसाळ्यातल्या ओल्या गोठ्यात, कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी जोर धरतात. काही वेळा विषाणू असतात. परजीवी किंवा विषाणू असताना उगाच प्रतिजैविक दिले तर उपयोग शून्य, आणि आतड्यातले उपकारक जिवाणू मात्र मरतात. लेंड्या तपासून पशुवैद्यकाने ठरवलेले औषध द्यावे, ते यासाठीच.

गोठ्यात काय करता येईल

चीक हे करडाचे पहिले संरक्षण. जन्मल्यानंतर पहिले काही तास त्याचे आतडे प्रतिपिंडांचे मोठे रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात घेऊ शकते. तासागणिक ही क्षमता घटते आणि साधारण २४ तासांत दार बंद होते. म्हणून पहिल्या तासाभरात कासेला लावलेच पाहिजे आणि पहिल्या दिवसात वजनाच्या किमान दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला पाहिजे. अडीच किलोच्या करडाला तो पाव लिटर होतो. वार पडेपर्यंत पाजायचे नाही, ही जुनी समजूत सोडायला हवी, कारण ते थांबणेच घातक ठरते. जुळ्यांतले अशक्त करडू आधी, हाताने धरून, पाजावे.

शेळी दगावली किंवा तिला चीकच नसेल, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चीक चालतो. बर्फाच्या कप्प्यात साठवलेला चीक असेल तर तो कोमट पाण्यात भांडे ठेवून सावकाश वितळवावा. चुलीवर तापवला तर खरवस होईल, म्हणजे प्रतिपिंडे निकामी होतील.

पाजण्याची पद्धतही महत्त्वाची. करडू मान किंचित वर करून चोखते तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी एक खोबण मिटून नळी बनते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्या कप्प्यात उतरते, जिथे ते पचते. नळीने घशात ओतले की ही खोबण नीट मिटत नाही. दूध पहिल्या कप्प्यात नासते किंवा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून बाटलीला चोखायचे बूच असावे, दूध करडाच्या अंगाइतके कोमट असावे आणि बाटली दर वेळी गरम पाण्याने धुतलेली असावी.

अगदी निपचित पडलेल्या करडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर आधी पोत्यात गुंडाळून, शेकून त्याला ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या शरीरात दूध पचत नाही. हगवण लागली तर दूध तोडू नये. दुधाच्या दोन वेळांच्या मधे क्षारसंजीवनी थोडी थोडी पाजावी. कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच खाली बसत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. आतड्याची दुरुस्ती दुधानेच होते आणि ते दूध बंद करणे म्हणजे बांधकाम थांबवणे.

आणि या साऱ्याची सुरुवात गाभण शेळीपासून होते. गर्भाची सर्वाधिक वाढ आणि कासेत चीक भरण्याचे काम शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमका तो काळ उन्हाळ्यात आला तर सुबाभूळ, शेवरी, हरभऱ्याचे भूस, मूठभर भरडा यांची सोय आधीच करून ठेवावी. व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस टोचली की तिची प्रतिपिंडे चिकातून करडाला मिळतात. एका सुईत दोन पिढ्यांचे रक्षण होते.

इथल्या दुधाचा अभ्यास इथेच व्हावा

डेव्हिसच्या शेळ्यांचे दूध आपल्या बाजारात नाही आणि धाराशिवच्या शेळीपालकाने त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. त्या संशोधनाने आपल्याला एक योग्य प्रश्न मात्र दिला आहे. आपल्या उस्मानाबादी शेळीच्या चिकात आणि दुधात संरक्षक प्रथिने किती? दुष्काळी उन्हाळ्यात ती किती घटतात आणि गाभणपणी पुरेसा चारा मिळाला तर किती वाढतात? जुळ्यांपैकी दुसऱ्या करडाच्या रक्तात त्यांतली किती पोचतात? या जातीच्या मूळ पट्ट्यातच, उदगीरला, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे, आणि तीर्थचे प्रक्षेत्र तर धाराशिव जिल्ह्यातच आहे. हे मोजायला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतात ते चिकाचे नमुने, करडांची नियमित वजने आणि पालकांशी सलग संवाद.

ती उत्तरे येतील तेव्हा येतील. तोवर ज्यावर शंका उरलेली नाही ते करायला हवे. शेळीपालनाचे हिशेब आपण विकल्या गेलेल्या बोकडांवर मांडतो, पण पहिल्या महिन्यात गेलेले करडू त्या हिशेबात कुठेच दिसत नाही. वर्षातून एखाद-दुसरे असे करडू वाचले, तरी दोन-तीन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईच्या हातात मुलांच्या वह्या-पुस्तकांचे, औषधपाण्याचे पैसे पडतात. त्यासाठी जो खर्च आहे तो पहिल्या दिवशीच्या पाव लिटर चिकाचा आणि पुढच्या काही आठवड्यांच्या दुधाच्या रास्त वाटणीचा. करडाच्या वाट्याचे दूध त्याला देणे हीच त्याच्यावर केलेली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची गुंतवणूक आहे.